चौथं शील

कागलच्या एसटी स्टँडजवळ नागसेनचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं हरतऱ्हेचे फॉर्म मिळतात, पण तो कुणालाही फॉर्म भरून देत नाही. म्हाताऱ्या बायका हातापाया पडल्या तरी नाही. लोक त्याला शिष्ट म्हणतात. माणूस भला आहे, आणि त्याच्या त्या भलेपणाचाच मला संताप येतो. अजूनही येतो.

२००१ साली विद्यापीठाच्या एका अभ्यासात आम्ही दोघं कामाला लागलो. दारू सुटायला एक नवी गोळी कितपत उपयोगी पडते, ते वर्षभर तपासायचं होतं. मी कोल्हापुरात एका खोलीत बसून आकडे संगणकात भरायची. नागसेन गावोगाव फिरून दर महिन्याला एकच प्रश्न विचारायचा : गेल्या तीस दिवसांत किती दिवस दारू घेतली?

सगळे सांगायचे, शून्य. तोंडाला भपकारा आणि फॉर्मवर शून्य! मी हसायची. नागसेनला हसू यायचं नाही. त्याचे वडील दारूतच गेले होते. "मरेस्तोवर न्हाय घेतली म्हणायचे," असं तो एकदाच बोलला.

दादासो बिद्रीकडचा, साखर कारखान्यात हंगामी कामाला. रोज पिणारा. त्यानंही पहिल्या महिन्यात शून्य सांगितलं, आणि त्याची बायको शेवंताबाई मागं उभी राहून कपाळाला हात लावत होती. मग नागसेननं शक्कल काढली. पौर्णिमेला गावच्या विहारात वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की तिथंच सतरंजीवर बसून फॉर्म भरायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. दोन्ही नुकतीच तोंडानं म्हटलेली, समोर बुद्धाची मूर्ती. तिथं दादासोला शून्य म्हणवेना.

"सोळा," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यांत अकरा, मग आठ, मग सहा. गोळी लागू पडत होती. आमच्या साऱ्या कागदांत खरे आकडे बहुधा एवढेच होते. शेवंताबाई नागसेनला म्हणाली, "भाऊ, माणूस घरात जेवाय लागलाय. पोरीला नावानं हाक मारतोय."

पण अभ्यासाचा एक नियम होता. लोकांनी खोटं सांगू नये म्हणून तो फक्त आम्हाला ठाऊक होता. सहाव्या महिन्यात जो तीनपेक्षा जास्त दिवस प्याला, त्याला औषध लागू नाही असं धरून गोळी बंद करायची.

सहाव्या महिन्यात दादासो म्हणाला, "चार. हंगाम संपला, पोरं बसली, मीबी बसलो. पाचवं मोडलंय भाऊ, चौथं तरी कशाला मोडू?"

नागसेन तो फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसून राहिला. मी म्हटलं, "तीन लिही. कोण बघायला येतंय?"

"त्यानं चार सांगितलंय."

"मग मी तीन टाइप करते."

"मग त्या शून्यवाल्यांत आणि आपल्यात फरक काय?"

मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. पण चार टाइप करणारी बोटं माझीच होती. नागसेन अभ्यास चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडं दोनदा जाऊन आला. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच उत्तर मिळालं. खोटं बोलणाऱ्यांना वर्षभर गोळ्या मिळाल्या आणि दादासोची बंद झाली.

हे सांगायला नागसेन बिद्रीकडं गेला. दादासो चप्पल घालून बाहेर पडला. शेवंताबाई म्हणाली, "मला इचारायचं हुतं की भाऊ. मी बोलले असते खोटं."

त्यानंतर शरमेनं नागसेन तिकडं फिरकला नाही. पण बाराव्या महिन्याचा शेवटचा फॉर्म गोळी बंद झालेल्यांचाही भरायचा होता. तो गेला. दारात शेवंताबाई तांदूळ निवडत होती.

"जय भीम, वहिनी. दादासो कुठं हायत?"

"जय भीम. त्येंला जाऊन पस्तीस दिस झालं," ती म्हणाली. तिनं आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

नागसेन फॉर्म मिटून पिशवीत घालू लागला. तिनं त्याचा हात धरला.

"मिटू नगा. इचारा की. मला पाठ हाय, तीस दिसांत किती दिस घेतली?"

त्यानं फॉर्म पुन्हा उघडून मांडीवर घेतला.

"एकबी दिस न्हाय. शून्य लिवा, भाऊ. खोटं न्हाय त्ये," शेवंताबाई म्हणाली. "आन् डॉक्टरास्नी सांगा, आता तरी त्येंची गोळी सुरू करा."