गॅरेज घराण्याचे थोर गायक

ज्या रॉक गायकाची गाणी मी शाळेपासून इयरफोन लावून ऐकली, तो गेला तेव्हा आम्ही चार-पाच चाहत्यांनी धारवाडात श्रद्धांजली ठेवायचं ठरवलं. एक गाणं मी म्हणेन, असं बोलून गेले. मी, जी घरातून खालच्या भाजीवाल्यालाही हाक मारत नाही, हातानंच खुणावते.

गाण्याच्या शेवटी त्याची ती प्रसिद्ध किंकाळी आहे, लांबच लांब. बाथरूममध्ये नळ सोडून मी ती कितीदा तरी घेतली होती. नळाशिवाय एकदाही नाही. पण त्या किंकाळीवाचून ते गाणं म्हणण्यात काही अर्थ नव्हता.

गावातल्या सप्तापूर भागात फुकट मिळालेला हॉल शास्त्रीय बैठकींचा निघाला. चपला बाहेर, खाली जमखाना, ड्रम अजिबात नाही. आमच्या ड्रमरनं एक लाकडी खोकं पुढ्यात घेतलं. त्याच्या वडिलांचं गोकुळ रोडला वर्कशॉप आहे, खोकं तिथलंच. बाहेरच्या फळ्यावर त्यानंच खडूनं लिहिलं होतं, 'थोर गायकास श्रद्धांजली. सायंकाळी पाच.' कुठला गायक, कसलं गाणं, काही नाही.

धारवाडात एवढं पुरतं. पाचच्या आत पुढची रांग शालींनी भरून गेली. आम्ही चाहते मागे सरकलो.

फोटोला हार होता. हाराच्या आत थोर गायक उघड्या अंगानं जीभ काढून उभे होते.

"यांचे गुरू कोण?" त्या रांगेतल्या मधल्या आजोबांनी विचारलं.

"गुरू नव्हते, आजोबा. गॅरेजमध्ये शिकले," ड्रमर म्हणाला.

"मग घराणं?"

"तेच की. गॅरेज."

आजोबांनी शेजारी पाहिलं. "ऐकलंय का हो?"

"उत्तरेकडचं असेल," शेजारचे म्हणाले.

मग नाव विचारलं. ड्रमरनं सांगताच आजोबा त्याच्यावर डाफरले, "थोर माणसाचं नाव असं घेतात? कानाला हात लाव!" ड्रमरनं घाबरून दोन्ही कान धरले. त्या संध्याकाळी पुढे ज्यानं ज्यानं ते नाव घेतलं, त्यानं आधी कानाला हात लावला. केस रंगवलेल्या आमच्या मित्रानंसुद्धा.

माझी पाळी आली. हॉल सांभाळणाऱ्या अण्णांनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची डबी पुढे ओढली. "तुमचा स्वर कुठला, अक्का?"

मला ठाऊक नव्हतं. मी फोटोकडे पाहिलं. तिथून काही मदत नव्हती.

"बरं, नमस्कार म्हणा."

"नमस्कार."

"जरा ऐकू येईल असं."

"नमस्कार!"

"हौद्री, बरोबर. काळी चार." त्यांनी बटण फिरवलं, डबी गुणगुणायला लागली आणि मी मान खाली घालून सुरू केलं. इंग्रजी शब्द ऐकून पुढच्या रांगेत कुजबुज झाली. पण तानपुरा चालू असताना उठून जायचं नाही, एवढी शिस्त त्यांच्या हाडात होती. माझ्या आवाजाला कंप होता, तो त्यांना बहुधा गमक वाटला.

किंकाळीची जागा आली. ठरल्याप्रमाणे ड्रमर थांबला. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. नळ नव्हता ना. डबी तेवढी गुणगुणत राहिली.

मधल्या आजोबांना वाटलं, पोरगी अडली. अडलेल्या शिष्याला देतात तसा त्यांनी मला सा दिला. डोळे मिटून, हात पुढे करून, थरथरता पण लांब सा. मग शेजारच्यांनी दिला. मग अख्ख्या रांगेनं. त्या सगळ्या म्हाताऱ्या आवाजांचा मिळून चांगला नळाएवढा आवाज झाला.

मी किंचाळले.

अण्णांच्या हातून डबी निसटली. बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. मी डोळे उघडले तेव्हा आजोबांचा हात तसाच पुढे होता.

"भले!" ते म्हणाले. "ती जागा पुन्हा घ्या."

मी पुन्हा घेतली. मग आणखी एकदा, कारण शेवटच्या आजोबांनी तोवर कानात मशीन बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या घशातून फक्त वारा येत होता. आई आल्याचा चहा घेऊन आली. "काय गं, सर्दी?"

एरवी मी हो म्हटलं असतं. "नाही. श्रद्धांजलीला गेले होते. गायले."

"तू?" आई तशीच कप धरून उभी राहिली. "कुणाच्या श्रद्धांजलीला?"

मी कानाला हात लावला आणि नाव सांगितलं.