धरणाकाठी संपलेला गॅस

लातूरहून निघालो तो सोमवार होता आणि सोमवारी आमच्या अव्वाचा (आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात) उपवास असतो. दिवसभर पाणी आणि चहा, संध्याकाळी आंघोळ, इष्टलिंगाची पूजा आणि मग एकदाच जेवण. "दुसऱ्या कुठल्या दिवशी जाऊ," असं माझी बायको सुनंदा म्हणत होती. पण तंबू नवा होता, दुकान सोमवारीच बंद असतं आणि मला दम निघत नव्हता. अव्वाला लिंबोटीच्या धरणाचं पाणी बघायचं होतं. "संध्याकाळी तुला पाण्याच्या काठावर गरम वरणभात करून घालतो," असा शब्द मी तिला देऊन बसलो होतो.

माझं दुकान गॅसच्या शेगड्यांचं आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची शोभा नीट कळेल. सिलिंडरात गॅस किती उरला ते कसं ओळखायचं, असं कुणी विचारलं की मी ओलं फडकं फिरवायला सांगतो. आत गॅस असतो तेवढा भाग उशिरा वाळतो, रिकामा भाग चटकन वाळतो. अहमदपूरच्या स्टँडजवळ माळवं (भाजीपाला) घ्यायला थांबलो तेव्हा सुनंदा म्हणाली, "तो छोटा सिलिंडर इथंच बदलून घ्या की." मी सिलिंडर एका हाताने उचलला, जरा हिंदकळवला आणि म्हणालो, "अर्ध्याच्या वर हाय. रोजचा धंदा हाय माझा." भाजीवाली कौतुकाने बघत होती. तिच्यासमोर फडकं कोण फिरवणार?

अहमदपूर सुटलं की दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. कणसं हुरड्याला आली होती आणि पोरी गोफणी घेऊन पाखरं हाकत होत्या. मग चढ संपतो आणि एकदम समोर पाणी. लातूरच्या माणसाला एवढं पाणी एका जागी बघायची सवय नसते. अव्वा गाडीचं दार धरून उतरली, कितीतरी वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आन् आपन घागरी मोजून राहिलो!"

काठापासून थोडं वर एक खोपट होतं. दारात एक बाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. त्या उठून आल्या. नाव द्वारकाबाई. नवरा धरणात मासे धरतो, तेव्हाही तो पाण्यावरच होता. "लांबून आले जनू. च्या घ्या की थोडा," त्या म्हणाल्या.

मला खोपटातून मासळीचा वास आला होता. मी म्हणालो, "नको बाई. लिंगायत हाव आम्ही. आमची अव्वा दुसऱ्याच्या चुलीवरचं काही घेत न्हाई."

"बरं," असं म्हणून त्या परत गेल्या. अव्वा तेव्हा पाण्याकडे होती, तिला काही ऐकू गेलं नाही.

दुपार फार चांगली गेली. तंबू दोनदा पडला, तिसऱ्यांदा उभा राहिला. पाणकावळे पंख पसरून दगडांवर बसले होते. मी हौसेने शेगडी पेटवली, चहा केला, पुन्हा केला, शेंगा भाजल्या आणि शेवटी अव्वाच्या आंघोळीला मोठं पातेलंभर पाणी तापवलं. ऊन उतरायला लागलं तशी अव्वा पूजेला बसली. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग, समोर सगळं धरण. पूजा आटोपल्यावर तिने जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेतली आणि म्हणाली, "वाढा आता."

वरण झालं नव्हतं. भात नुकता उकळत होता. तेवढ्यात ज्योत बारीक झाली, पिवळी पडली आणि गेली.

मी सिलिंडर हलवला, आडवा केला, थोपटला. आता मी ओलं फडकं फिरवलं. वरपासून खालपर्यंत सगळा सिलिंडर एकदमच वाळला. सुनंदाने अव्वाच्या तोंडात चमचाभर साखर घातली, कारण गोळी पोटात गेली होती, अन्न गेलं नव्हतं, अव्वाला घाम फुटला होता आणि हात थरथरत होते. मी काटक्या गोळा करून आणल्या, त्या नुसत्याच धुपल्या. गाडी काढून अहमदपूर गाठेपर्यंत अव्वाने उपाशी राहणं शक्य नव्हतं. कुठे जायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी अर्धकच्च्या भाताचं पातेलं उचललं आणि निघालो. खोपटापर्यंतची चढण काही फार नव्हती, तरी मी दोनदा थांबलो.

द्वारकाबाईंच्या चुलीवर कालवण रटरटत होतं. मी गॅस संपल्याचं सांगितलं, अव्वाचंही सांगितलं. त्यांनी लगेच कालवण उतरवलं, निखारे बाजूला ओढले आणि शेणाचं पोतेरं घेऊन चूल सारवायला बसल्या.

"अहो, हे कशाला?" मी म्हणालो.

"तुमीच म्हनले न, मायला दुसऱ्याच्या चुलीचं चालत न्हाई. हिच्यावर मासळी शिजली. सारवल्याबिगर तुमचं भगुनं कसं ठिवू?"

टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्या मनापासून सारवत होत्या, कोपरे सोडत नव्हत्या. तिकडे माझी आई भुकेने कापत होती आणि इथे माझ्या एका वाक्यापायी चूल वाळायची वाट बघणं चाललं होतं. मी खोटं बोललो होतो, एवढंच सांगायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

तेवढ्यात सुनंदाचा हात धरून अव्वाच वर आली. चुलीपाशी टेकली आणि टोपल्यातल्या भाकरीकडे बघून म्हणाली, "त्यातली एक दे गं माय. चटनी हाय का?"

द्वारकाबाई घाबरल्या. "पन तुमाला चालत न्हाई ना?"

"कोन म्हनलं?"

द्वारकाबाईंनी माझं नाव घेतलं नाही, नुसतं खाली बघितलं. अव्वाने भाकरी कपाळाला लावली, मोडली आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर सगळी खाल्ली. हाताचं थरथरणं थांबल्यावर ती माझ्याकडे वळली.

"माझं नाव कशाला फुडं केलास रं? तुला नको वाटलं, तर तुझ्या नावानं नको म्हनायचं."

द्वारकाबाईंनी निखारे परत चुलीत ओढले आणि त्या फुंकणीने फुंकत राहिल्या, जणू काही ऐकलंच नाही. मला तिथून उठून पाण्यात जाऊन उभं राहावंसं वाटलं.

सकाळी आम्ही तंबू गुंडाळला. परतीच्या वाटेवर अव्वाने सुनंदाला हुरड्याच्या, माहेरच्या गोष्टी सांगितल्या. मी गाडी चालवत होतो. घरी सामान उतरवताना अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्या बाईला एकदा जेवायला बोलाव. आपल्या पंगतीला बसव."

"बोलावतो," मी म्हणालो, आणि ते अगदी मनापासून म्हणालो. एका दिवसात आपण पुष्कळ शिकलो असं मला वाटत होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी भांड्यांच्या मांडणीसमोर उभा आहे आणि द्वारकाबाईंसाठी वेगळं ताट कुठलं काढायचं ते शोधतो आहे.