दिसलं नाही असं लिही

नम्रता सकपाळ रेडिओलॉजीची एम.डी. होऊन रत्नागिरीत आली, तेव्हा तिच्या आईने कुवारबावच्या सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं, आमची मुलगी मोठी डॉक्टर झाली. मग शेजारपाजारचे ताप-खोकल्याच्या गोळ्या मागायला यायला लागले. नम्रता सांगायची, मी गोळ्या देत नाही, मी सोनोग्राफी करते, सी.टी. स्कॅन बघते, आजार कुठे आहे ते शोधते. समोरचा माणूस मान डोलवायचा आणि जाता जाता विचारायचा, "म्हणजे फोटो काढतेस ना?"

सेंटरमध्ये तर रोजचंच होतं. शहरातल्या एका खाजगी डायग्नोस्टिक सेंटरमध्ये तिला नोकरी मिळाली होती. ती अंधाऱ्या खोलीत जायची, पेशंटच्या पोटावर जेली लावायची, यंत्राचा प्रोब फिरवायची, आणि सगळं तपासून झाल्यावर पेशंट उठून बसत विचारायचा, "डॉक्टर कधी येणार?"

"मीच डॉक्टर."

"नाय, मोठे डॉक्टर."

याचं तिला पहिल्यापहिल्यांदा हसू यायचं. एवढी वर्षं अभ्यास करून आपण कुणाला दिसतच नाही, याची गंमत वाटण्याचे ते दिवस होते. वडील, राजाराम सकपाळ, लांजा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. ते म्हणायचे, "लोक विचारतात तर विचारू देत. तू बघितलंस ते खरं सांगितलंस म्हणजे झालं." नम्रतालाही वाटायचं, एवढंच तर आहे. त्यात काय अवघड?

सेंटरचे मालक डॉक्टर विनीत पाथरे. तेही रेडिओलॉजिस्टच. माणूस गोड बोलणारा, हात चांगला. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला एक नियम सांगितला होता. "पेशंटशी जास्त बोलायचं नाही. रिपोर्ट पाठवणाऱ्या डॉक्टरला. काय सांगायचं ते तो सांगेल." हा नियम तिला पटला नव्हता. माणूस उघड्या पोटाने समोर झोपलेला असतो, श्वास रोखून आपल्या चेहऱ्याकडे बघत असतो, आणि आपण भिंतीसारखं बसायचं? तरी नवी नोकरी म्हणून ती गप्प बसली.

सानवी आली त्या दिवशी दुपारचे पेशंट संपत आले होते. नाटे गावची पोर, सहावीतली. पोटात दुखतंय म्हणून आई रसिका तिला घेऊन गाडी करून आली होती. वडील केतन मुंबईत कामाला. शहरातले नावाजलेले सर्जन डॉक्टर धामापूरकर यांनी मुलीला तपासलं होतं आणि अपेंडिक्सचं ऑपरेशन उद्याच करू म्हणून सांगूनही टाकलं होतं. सोनोग्राफी आपली कागदावर हवी म्हणून.

पोर बारीक होती. बारीक मुलांच्या पोटातलं स्वच्छ दिसतं. नम्रताने सावकाश प्रोब दाबत नेला आणि अपेंडिक्स तिला सापडलं. मुळापासून टोकापर्यंत अख्खं दिसलं. सूज नव्हती, दाबलं की दबत होतं, आजूबाजूला पाणी नव्हतं. मात्र आतड्यालगतच्या ग्रंथी सुजल्या होत्या. लहान मुलांना सर्दी-तापानंतर असं होतं, पोट दुखतं आणि आपोआप थांबतं.

"हिला मागच्या आठवड्यात ताप होता का?" तिने विचारलं.

"होता तर. घसापण धरलेला." रसिका पुढे सरकली. "काय हाय, मॅडम?"

नियम मोडायचा नाही, असं नम्रताने मनाशी म्हटलं आणि लगेच मोडला. गाठी हा शब्द मात्र तिने टाळला, बाई उगाच घाबरली असती. "ताई, घशात टॉन्सिल सुजतात ना, तशी पोटात सूज आली आहे. अपेंडिक्स चांगलं आहे."

सानवीने ताबडतोब विचारलं, "म्हणजे कापायचं नाय ना?"

रिपोर्ट गेला आणि चहाचा कप तोंडाला लागेपर्यंत फोन वाजला. स्वतः धामापूरकर होते.

"हे काय लिहिलं आहेस तू?"

"सर, अपेंडिक्स नॉर्मल आहे. ग्रंथी..."

"मी पोटाला हात लावून बघितलं आहे. मला शिकवू नकोस. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही असं लिही. बस. सूज आहे असं लिही म्हणत नाही मी. दिसलं नाही म्हटलं की कापायचं की नाही ते मी ठरवतो."

नम्रताला क्षणभर कळेना, हा माणूस मेहेरबानी केल्यासारखा का बोलतो आहे. "पण दिसलं, सर. टोकापर्यंत दिसलं. आज ॲडमिट करून नुसतं लक्ष ठेवलंत, उद्या परत बघितलं, तर..."

"एम.डी. कुठून झालं तुझं?"

तिने कॉलेजचं नाव सांगितलं.

"हं. आडनाव सकपाळ ना? मिळतात हल्ली सीटा." आणि फोन बंद झाला.

ती फोन हातात धरून उभीच राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. आपला प्रवेश परीक्षेतला नंबर तिला घडाघडा म्हणून दाखवता आला असता. भल्याभल्यांच्या वर होता तो. पण तो सांगावासा वाटणं हाच अपमान होता. पोरीच्या पोटात काय आहे याचा आणि तिच्या आडनावाचा संबंध काय? वाद अपेंडिक्सचा चालला होता. त्यात हरायला लागल्याबरोबर त्या माणसाने तिची जात काढली होती, आणि तीही इतक्या सहज, की बाजूच्या माणसाला ऐकू गेलं असतं तरी काही लागलं नसतं.

विनीत सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनाही फोन गेला होता; सेंटरचे बरेचसे पेशंट धामापूरकरच पाठवायचे. "नम्रता, सोनोग्राफी बघणाऱ्याच्या हातावर असते. तुला दिसलं, दुसऱ्याला दिसणार नाही."

"सर, मी फोटो साठवले आहेत. बघा तुम्ही."

फोटो त्यांनी बघितले नाहीत. उठले, बाहेर गेले आणि रसिकाला म्हणाले, "जरा परत बघू या."

सानवी पुन्हा टेबलावर झोपली. या खेपेला प्रोब विनीत सरांच्या हातात. नम्रता मागे उभी. सरांचा हात सराईत, मिनिटभरात पडद्यावर ते आलं. शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखं, सरळ, निरोगी. कुणालाही दिसावं असं.

"सर, ते बघा," नम्रताने बोट दाखवलं. "तेच आहे."

विनीत सरांनी प्रोब उचलला. पडदा काळा झाला.

"गॅस फार आहे," ते म्हणाले. "दिसत नाही."

"काय झालं?" रसिकाने विचारलं.

"काही नाही. मॅडम नवीन आहेत, शिकतायत अजून."

नम्रताला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी बोळा कोंबला आहे. तो तिने थुंकून टाकला. "ताई, मला दिसलं. आत्ता सरांनापण दिसलं. माझं ऐका, ऑपरेशनची घाई करू नका. दुसऱ्या एखाद्या सर्जनना दाखवा."

रसिकाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा सरांकडे. सरांचे केस पांढरे होते, आवाज शांत होता, बाहेरच्या पाटीवर नाव त्यांचं होतं. तिने पोरीचं पोट पुसलं, फ्रॉक सारखा केला आणि तिला घेऊन गेली. विनीत सरांनी आपल्या सहीने रिपोर्ट दिला. सानवीचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं.

नम्रताला सेंटरवर उद्यापासून येऊ नको असं कुणी म्हटलं नाही. फक्त तिच्या वेळेत पेशंट येईनासे झाले. डॉक्टर लोक चिठ्ठीवर विनीत सरांचं नाव लिहून पाठवायला लागले. ती खोलीत एकटी यंत्राजवळ बसून राहायची. मग एके दिवशी तिनेच चावी काउंटरवर ठेवली आणि बाहेर पडली.

गाव लहान. बोलणं आधीच पसरलं होतं. नवीन मॅडमना अपेंडिक्ससुद्धा ओळखता आलं नाही, पोर जायची वेळ आली होती, धामापूरकरांनी वाचवली. मासळी बाजारात आईच्या कानावर आलं ते असं. आई घरी आली, पिशवी खाली ठेवली. मग तिने हळूच विचारलं, "चुकलंस काय गो तू?"

परक्यांनी म्हटलेलं सगळं नम्रताने सोसलं होतं. हे सोसवेना. ती आईवर ओरडली. इतकी ओरडली की गुरुजी पडवीतून आत आले. ते म्हणाले, "तिने तुझ्यावर संशय नाही घेतला. लोकांना काय उत्तर देऊ, ते विचारतेय ती."

"मीच का उत्तर द्यायचं, बाबा? चांगल्या पोरीचं पोट फाडलं त्यांनी. त्यांना कोण विचारतंय?"

गुरुजी परत पडवीत जाऊन बसले.

पुढे नम्रताला सरकारी रुग्णालयात कंत्राटी जागा मिळाली. यंत्र जुनं, रांग लांब, पण फोनवरून काय लिही ते सांगणारं कुणी नव्हतं. तिथे तिने पहिल्या दिवसापासून पडदा पेशंटकडे वळवायला सुरुवात केली. हे तुमचं लिव्हर. हा इथे खडा आहे. हे चांगलं आहे, हे नाही. रांग हळू सरकते म्हणून बाहेर लोक कुरकुरायचे. ती सरळ दार उघडून सांगायची, "तुमचापण नंबर येईल तेव्हा असंच सांगणार आहे. थांबा."

वर्ष उलटलं असेल, एके दिवशी टेबलावर सानवीची आई रसिका येऊन झोपली. नम्रताने नाव वाचलं, चेहरा बघितला, आणि अंगातून पुन्हा तोच चटका गेला.

"मॅडम, मला काय ते खरं सांगा," रसिका म्हणाली. "अंगावरून जास्त जातं म्हणून धामापूरकरांच्या हॉस्पिटलात गेलेले. गर्भपिशवी काढायला बोलले. तुमच्याकडे का आले ते तुम्हाला ठाऊक हाय. त्या दिवशी तुम्ही बोट दाखवलात नि त्यांनी हात उचलला. मी बघितलेलं."

नम्रताचा हात थांबला. "तुम्ही बघितलं होतं? मग तेव्हा का नाही बोललात? माझी छी-थू झाली गावभर!"

"काय बोलू? ह्यांना मुंबईला फोन लावला. हे बोलले, मोठे डॉक्टर सांगतायत तसं कर, पोरीला काय झालं तर तू जबाबदार. माझा एकटीचा जीव केवढा, मॅडम?"

ती काही माफी मागत नव्हती. जे होतं ते सांगत होती. नम्रताला तिचा राग आला आणि तो तिच्यावर टिकेना, हा आणखी राग. तिने तपासणी पुरी केली आणि पडदा वळवला. सुपारीएवढी एक साधी गाठ होती, पुष्कळ बायकांना असते तशी. "याला पिशवी काढायची गरज नाही. वरच्या मजल्यावर बाईडॉक्टर आहेत. औषध देतील, ते घ्या. सहा महिन्यांनी परत बघू."

रसिकाने लांब श्वास सोडला. मग उठून बसत म्हणाली, "आमच्या वाडीतल्या मालनवैनीलापण काढायला सांगितलंय तिथेच. मी तिला बोलले, जाऊ नको, लबाड आहेत सगळे. तिने जायचं रद्द केलं."

"तिला घेऊन या," नम्रता म्हणाली. "उद्याच्या उद्या."

मालन आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई, मासे सुकवून विकणारी. टेबलावर झोपताना हसत होती, कारण रसिकाने तिला आधीच सांगितलं होतं की काही नसतं, नुसते घाबरवतात. नम्रताने प्रोब ठेवला. डाव्या बाजूला अंडाशयाजवळ नारळाएवढा गोळा होता, आत काही भाग घट्ट, काही पाण्याने भरलेला. अशा गोळ्यात कॅन्सरची शंका असते, म्हणून तिने दोनदा, तीनदा बघितलं. पडदा वळवला.

"मालनताई, तुमचं ऑपरेशन करायला हवं. लवकर."

मालनचं हसू मावळलं. "म्हणजे तो डॉक्टर खरं बोलला?"

"या वेळी खरं बोलला."

मालन उठून बसली आणि रसिकाकडे वळली. "तू तर बोललीस ही बाई वेगळी हाय म्हणून. हीपण त्यांच्यातलीच." तिने पदर खोचला, चपला शोधायला लागली.

नम्रताच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं. धामापूरकरांनी एका पोरीचं पोट उगाच फाडलं, एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. ते खोटं चालत चालत नाटे गावापर्यंत गेलं होतं, एका बाईच्या मरणाच्या आजारात जाऊन बसलं होतं, आणि आता खरं सांगणाऱ्या माणसाचीच किंमत शून्य करून गेलं होतं. आणि तो माणूस आत्ता या घडीला आपल्या केबिनमध्ये निवांत चहा पीत असेल!

ती दारात आडवी उभी राहिली. "तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण डोळे तुमचे आहेत ना? इथे बसा आणि बघा."

तिने मालनला पुन्हा झोपवलं. बाहेर रांग खोळंबली, वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला. नम्रताने आधी उजवी बाजू दाखवली, चांगली कशी दिसते ती. मग डावी. मालनचाच हात धरून तिने तो पोटावर दाबला, गोळा हाताला लागेपर्यंत. "लागला? हा मी नाही ठेवलेला."

मालनने पडद्याकडे बघत स्वतःच एकदा दाबून बघितलं. मग तिने विचारलं, "तिकडे नाय जायचं मला. इथे होईल?"

"होईल."

नम्रताने हातमोजे काढले, बाहेरच्या रांगेला सांगितलं की थोडा वेळ लागेल, ज्याला ओरडायचं असेल त्याने खुशाल ओरडावं. मग मालनच्या दंडाला धरून ती स्वतः तिला जिन्याने वर घेऊन गेली. रसिका मागून पिशवी घेऊन येत होती.