पगारेंनी उतरवलेली परांची

उत्तम पगारे यांच्या परांचीवर बसून चहा प्यायल्याशिवाय ती ताब्यात मिळत नसे. परांची म्हणजे गिलावा आणि रंगकामासाठी इमारतीला बाहेरून उभारतात तो पाइपांचा आणि फळ्यांचा सांगाडा. नाशकात हे काम करणारे पुष्कळ होते. उभारणी झाली की ते खालूनच बोट दाखवून ‘झालं बघा’ म्हणत आणि सहीसाठी कागद पुढे करत. पगारे आधी थर्मास काढत. तो खांद्याला अडकवून शिडी चढू लागत. ज्याची सही हवी त्याने मागोमाग सगळ्यात वरच्या फळीपर्यंत जायचे, तिथे मांडी घालून बसायचे आणि स्टीलच्या पेल्यातून चहा प्यायचा, असा त्यांचा रिवाज होता.

आमची पहिली भेट अशी वरच झाली. मी एका बांधकाम कंपनीत करार आणि बिले पाहत असे. साइटवर गेलो तरी बूट खराब होणार नाहीत अशा बेताने चालणारा माणूस. पाथर्डी फाट्याजवळच्या त्या इमारतीवर चढताना मी प्रत्येक पायरीवर थांबत होतो. चहा खालीही चालेल, असे मी दोनदा सुचवून पाहिले.

“खालचा चहा टपरीवर मिळतो, साहेब,” ते म्हणाले. “तुमची सही झाली की माणसं चढणार. जिथं साहेबाला चहा गिळवत नाय, तिथं गवंड्यानं थापी कशी चालवावी?”

मी पेला दोन्ही हातांनी धरून कसाबसा संपवला. तोवर पगारे कठड्याला पाठ लावून ऐसपैस रेलले होते. अंगाने ते चांगलेच जाड. मी काळजीने त्यांच्याकडे पाहतो आहे हे कळल्यावर म्हणाले, “या कठड्यानं मला धरलं ना, मग तो तुमच्या सगळ्या ऑफिसला धरील.” त्यांच्या अंगावर परीटघडीचा पांढरा शर्ट होता. सिमेंटच्या धुरळ्यात तो संध्याकाळपर्यंत पांढराच कसा राहतो, याचे साइटवरच्या सगळ्यांना कोडे होते. समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसत होता, पण त्या दिवशी मी तो पाहिला नाही. मी फळीच पाहत होतो.

ते मूळचे इगतपुरीकडचे, नाशिकरोडच्या एका वसाहतीत राहणारे. भेटले की ‘जय भीम, साहेब’ म्हणत. मी ‘नमस्कार’ म्हणे. काही वर्षांनी मीही ‘जय भीम’ म्हणू लागलो, तेव्हा त्यांनी हसून ‘नमस्कार’ म्हटले. त्यांची चेष्टा अशी असे. हेल्मेट न घालणाऱ्या गवंड्याला ते रागावत नसत. घरी कोण कोण आहे ते विचारत, मुलाबाळांची नावे नीट ऐकून घेत आणि मग म्हणत, “लक्षात ठेवतो. निरोप द्यायला बरं पडंल.” माणूस मुकाट्याने हेल्मेट घाली. हट्टीही तेवढेच. रंगाऱ्याने सोयीसाठी एखादा आडवा पाइप काढला, तर सगळ्यांना खाली उतरवून काम बंद ठेवत. मुकादमाने कितीही आरडाओरडा केला तरी पाइप परत लागेपर्यंत पानाचा डबा उघडून बसत.

“परांची पाहुणी असती,” असे ते नेहमी म्हणत. “आली, काम केलं, गेली, तर मान राहतो. मुक्काम ठोकला की घरात भांडणं.”

पुढे आमच्या कंपनीने मोठी इमारत घेतली, तेव्हा परांचीच्या सुरक्षिततेच्या अटी करारातच घालाव्यात असे मी सुचवले आणि त्या मीच लिहिल्या. दोन्ही बाजूंना कठडा, दोन्ही टोकांना बांधलेल्या फळ्या, भिंतीशी पक्की बांधणी, पाऊस-वारा झाला की पुन्हा तपासणी, परांचीवाल्याखेरीज कुणी पाइपाला हात लावायचा नाही. मला त्या पानाचा अभिमान होता. अजूनही त्यातल्या अटी चुकीच्या होत्या असे मला वाटत नाही. शेवटी मी आणखी एक कलम घातले. काम पूर्ण होईपर्यंत कंपनीच्या प्रतिनिधीच्या परवानगीशिवाय परांची उतरवता येणार नाही, आणि ती उभी आहे तोवर तिची सर्व जबाबदारी परांचीवाल्याची. आधीच्या एका कामावर परांचीवाला दुसरीकडे चांगला दर मिळाला म्हणून अर्ध्यातून पाइप घेऊन गेला होता, म्हणून ते कलम.

पगारेंनी करार घरी नेला आणि सावकाश वाचून परत आणला. अटी चांगल्या आहेत म्हणाले, एवढे कोण लिहिते, असेही म्हणाले. मग शेवटच्या कलमावर बोट ठेवून त्यांनी विचारले, तुमचेच काम बंद पडले तर?

“तेव्हा परवानगी देऊ की,” मी म्हणालो. “प्रतिनिधी म्हणजे मीच आहे.”

“तुम्ही हाय म्हणून सही करतो,” ते म्हणाले.

इमारत पूर्ण उंचीची झाली, बाहेरचा गिलावा निम्मा झाला आणि काम थांबले. कंपनीच्या मालकांचे, म्हणजे शेठचे, पैसे दुसऱ्या एका जमिनीत अडकले होते. गवंडी गेले, रंगारी आलेच नाहीत. खाली पत्र्याच्या खोल्यांत पेठ तालुक्याकडची दोन-तीन मजूर कुटुंबे तेवढी राहिली, राहिलेल्या मजुरीची वाट पाहत. आणि परांची राहिली.

पगारेंनी ती उतरवायची परवानगी मागितली. मी शेठकडे गेलो. शेठ शांतपणे म्हणाले, “परांची उभी आहे तोवर काम चालू आहे, वैद्य. ती उतरली की उद्या सगळे बुकिंगवाले माझ्या टेबलासमोर. आणि कलम तर तुमचंच आहे.”

त्या बुकिंगवाल्यांत मीही होतो. कर्मचारी म्हणून सवलतीत मिळालेला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट. आयुष्यभराची पुंजी मी त्यात घातली होती. लोक बिथरून पैसे मागू लागले, तर ती इमारत पुरी होणार नाही, हे मला शेठइतकेच कळत होते. मी पगारेंना सांगितले की थोडे थांबा.

ते थांबले. म्हणजे त्यांना थांबावेच लागले. त्यांचा बहुतेक माल त्या एका इमारतीला बांधलेला होता, त्यामुळे दुसरे मोठे काम घेता येईना. पाऊस झाला की तपासणी त्यांची. क्लॅम्प चोरीला गेले तर भरपाई त्यांची. खालच्या पाइपांवर कपडे वाळत पडू लागले, मुले लोंबकळू लागली, गणपतीत शेजारच्या मंडळाने मांडवासाठी फळ्या नेल्या आणि निम्म्याच परत आणल्या. शेवटी पगारेंनी घरून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि परांचीखाली मांडून बसले. सकाळी यायचे, दिवस मावळला की जायचे. घरचा डबा तिथेच. इगतपुरीकडच्या नात्यातल्या लग्नांना जाणेही त्यांनी सोडले.

जाणारे-येणारे त्यांना विक्रीचा माणूस समजत. पांढरा शर्ट, खुर्ची, मागे इमारत. एकाने टू बीएचके कितीला म्हणून विचारले, तर ते म्हणाले, “आधी मला इथून सुटका कितीला पडंल ते सांगा, मग तुमचं बघू.” हे त्यांनीच मला हसत सांगितले. मी हसलो नाही.

मग शेठने परांचीवर फ्लेक्स लावायला सांगितला. चार मजले उंच कापड, त्यावर हसणारे आई, बाप आणि दोन मुले. पगारे त्याच दिवशी ऑफिसात आले.

“साहेब, तुम्ही गलबताला शीड लावलंय. आता फक्त गोदावरीत सोडायचं बाकी हाय.”

वारा पाइपांतून निघून जातो, कापड लावले की तो अडतो, आणि मग सगळी ओढ भिंतीच्या बांधणीवर येते. हे सांगायला त्यांना तांत्रिक शब्द लागले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद बोटांच्या चिमटीत उभा धरला आणि पंख्याखाली नेला. मला कळले. मी शेठला सांगितले. शेठ म्हणाले, जबाबदारी कुणाची आहे ते करारात पाहा. पगारेंनी फ्लेक्स दोनदा काढला, कंपनीने दोनदा बांधला. तिसऱ्या वेळी त्यांना बजावण्यात आले की कंपनीच्या मालमत्तेला हात लावू नये.

त्या दिवसांत ते मला म्हणाले, “परांची माझी, भिंत तुमची, कापड शेठचं. पडली तर मात्र सगळी माझी.”

उन्हाळा संपता संपता वळवाचा वारा सुटला. मी ऑफिसात होतो, खिडक्या आपटत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पगारे आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर एक पातेले ठेवले. जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, भाताचे. ते पुरे चपटे झाले होते. आदल्या दिवशीच्या वाऱ्यात, मजुरांच्या खोलीबाहेर भांडी घासायला बसलेली एक बाई पाणी आणायला उठली आणि वरून फळी सुटून तिच्या भांड्यांवर आली.

“हे डोकं असतं,” पगारे म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही.

शेठ बाहेरगावी आहेत, सोमवारी बोलतो, असे मी सांगितले. ते पातेले तिथेच ठेवून गेले. मी ते टेबलाखाली सरकवले, कारण बिलांचे लोक येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना त्यांचा फोन आला.

“साहेब, माणसं घेऊन साइटवर उभा हाय. तुम्ही एकदा हो म्हणा. कागद मागाहून द्या.”

परवानगी देण्याचा अधिकार करारानुसार माझा होता. शेठला विचारण्याची अट त्यात कुठेही नव्हती. एक शब्द पुरला असता. माझ्या डोळ्यांपुढे पाचवा मजला होता, आणि नोकरीची थोडीच वर्षे उरली होती.

“पगारे, मला यात घेऊ नका,” मी म्हणालो.

मग ते म्हणाले, “बरं. मग तुम्हाला फोन केलाच नाय, असं धरतो.”

त्यांनी परांची उतरवली. पहिल्यांदा फ्लेक्स सोडला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि वॉचमनच्या ताब्यात दिली. मजूर कुटुंबांना दिवसभर लांब, पिंपळाखाली बसवले. मग वरून खाली, एकेक पाइप हातातून हातात देत उतरवला, एकही खाली न टाकता. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. त्यामुळे बातमी झाली नाही, पोलीस आले नाहीत, आणि ती परांची आणखी उभी राहिली असती तर काय झाले असते, हे कुणाला सिद्ध करता आले नाही.

शेठ परतल्यावर त्यांनी मला पत्र लिहायला सांगितले. ते मी लिहिले. ‘कंपनीची परवानगी न घेता व कंपनीला न कळवता सदर इसम काम अर्धवट टाकून माल घेऊन गेला.’ परवानगी न घेता, हे खरे होते. न कळवता, हे माझे. शहरातल्या बहुतेक बिल्डरांकडे ते पत्र गेले. फ्लॅटधारकांनी विचारले तेव्हा परांचीवाला पळाला म्हणून काम अडले, असे सांगण्यात आले, आणि लोकांनी ते मानले. पगारेंना पुन्हा इमारतीचे काम मिळाले नाही.

फोनबद्दल ते कुणापाशी बोलले असते, तर मला जाब द्यावा लागला असता. मी बरेच दिवस त्याची वाट पाहिली. ते बोलले नाहीत.

इमारत पुढे दुसऱ्याच परांचीवर पूर्ण झाली. मी आज तिथेच राहतो.

बऱ्याच वर्षांनी पंचवटीतल्या एका लग्नात ते मला भेटले. मांडव त्यांचा होता. शर्ट पांढराच, अंग मात्र उतरलेले. बरे चालले आहे का, असे मी विचारले. “मांडव बरा, साहेब,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिवशी लोक आपणहून उतरव म्हणतात.” मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि जेवून जा म्हणाले. मला बोलायचे होते. तेवढ्यात कुणीतरी त्यांना खांब हलतो म्हणून हाक मारली आणि ते गेले.

गेल्या वर्षी ते वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. त्यांची मुलगी करुणा शाळेत शिकवते, तिने मला दोन शब्द बोलायला सांगितले. पगारे कामात चोख होते, असे काहीतरी मी बोललो. मी खाली बसत असताना मागच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, “काम टाकून पळालेले ना हे?” ते करुणाने ऐकले. तिने माझ्याकडे पाहिले. मी चपला शोधू लागलो.

आता सिंहस्थाच्या कामांसाठी शहरभर परांच्या उभ्या आहेत. परवा आमच्या जुन्या कंपनीतला एक इंजिनिअर भेटला. करार कोणता वापरता, म्हणून विचारले, तर म्हणाला, “तुमचाच मसुदा, सर. एक शब्द बदललेला नाही.” कौतुकानेच म्हणाला. त्या संध्याकाळी मी नाशिकरोडला करुणाकडे गेलो आणि जे वर लिहिले आहे ते सगळे तिला सांगितले.

मी थांबल्यावर तिने पंखा थोडा वाढवला, पाणी दिले.

“लिहा हे,” ती म्हणाली. “त्यांना फार थोर करू नका. लय हट्टी होते ते, आईला विचारा. तुमचं वाईट वाटणंही नको त्यात. बाबांनी फोन केला होता, एवढं लिहा.”

तिच्या सांगण्यापेक्षा जास्तच लिहून झाले. तिला हवे होते ते हे.

त्या दिवशी सकाळी, पहिला पाइप सोडण्याआधी, पगारेंचा फोन आला होता. तो मी घेतला होता.