चंद्रकोरीचं शेपूट

पुण्याच्या दवाखान्यात गोंदण काढायला माझ्या धाकट्या नणंदेला खुर्चीत निजवलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, थोडं हललात तरी चालेल. कपाळ जिकडं जाईल तिकडं लेझर मागोमाग जातो."

मी शेजारी बसले होते. पन्नास वर्षांपूर्वी सुईला एवढी अक्कल असती, तर माझ्या मूर्खपणाचं शेपूट तिच्या कपाळावर उमटलंच नसतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. मुळशीत सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं, पण आपल्याइतकं विनोदी माणूस सगळ्या तालुक्यात नाही, अशी माझी खात्री. नणंद बारा वर्षांची. तिला गोंदायला पौडहून गोंदणारीण आली. आमच्याकडची रीत अशी, की वहिनीनं मुलीचं डोकं मांडीवर घ्यायचं आणि हनुवटी गच्च धरायची. मानाचं काम ते.

चंद्रकोर निम्मी झाली होती. पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून हूं का चूं नाही. समोर सासूबाई खांबाला टेकून डुलक्या घेत होत्या. मला कुठलं राहवतंय. मी वाकून त्यांच्यासारखा जबडा लोंबवला आणि बारीक घोरले. पोर फस्सकन हसली. मीही हसत होते, त्यामुळं हात सैल. सुई सरकली ती भुवईपर्यंत, आणि चंद्रकोरीला शेपूट फुटलं.

सासूबाई दचकून जाग्या झाल्या. काय झालं विचारल्यावर मी म्हणाले, "वन्सं हलल्या."

पोरीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर माझी रवानगी माहेरी होती. ती गप्प राहिली.

पुढं मुठा गावचे पाहुणे तिला बघायला आले, तेव्हा त्यांच्यातल्या बाईनं शेपटाकडं बोट केलं. सासूबाई सरळ बोलून गेल्या, की पोरीला धीर न्हाई, गोंदतानाबी हलली. मी पोहे वाढत होते. तोंड उघडायला याहून चांगली वेळ नव्हती. मी आणखी पोहे हवेत का विचारलं. पाहुणे नाही म्हणाले, पोह्यांनाही आणि पोरीलाही.

लग्न झालं तिचं नंतर. पण ती हलायची थांबली. फोटोत, पंगतीत, बाळंतपणातसुद्धा दगडासारखी. आणि आता मला म्हणाली, "चंद्रकोर राहू दे. शेपूट तेवढं काढायचंय. मरताना तरी कपाळ सरळ असू दे."

यंत्र टकटक करू लागलं. हलायची मुभा असूनही ती तश्शीच निजलेली. ते काही मला बघवेना.

"वन्सं, हनुवटी मी सोडली व्हती. तुमी न्हवत्या हलल्या."

"ठाव हाय," ती म्हणाली. "आईला सांगायचं व्हतंस. ती मरस्तोवर मला बिनधीराचीच म्हणत व्हती."

हात आपोआप तिच्या हनुवटीकडं गेला.

"हात काढ, वहिनी," ती म्हणाली. "हे यंतर बेस चाललंय तुझ्यापरास."