पारोळ्यात अमेरिकेचा बँड

फजिती कुणाची होत नाही? पण माझी झाली ती वाजतगाजत, पुढे बँड लावून. चहा घ्या, सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला एम. ए. करत होतो. माझा चुलतभाऊ अमेरिकेत शिकायला गेला होता. त्याने तिथल्या एका बँडची कॅसेट पाठवली. बँडचं नाव 'ब्रोकन बकेट्स', म्हणजे फुटक्या बादल्या. वाजवायचेही तसंच. त्याला पंक रॉक म्हणतात. पहिल्यांदा लावली तेव्हा आईने आतून विचारलं, "मिक्सरमध्ये चमचा पडला का रे?"

मला मात्र त्या बँडने झपाटलं. चुलतभावाला विचारून विचारून मी त्यांचा सगळा इतिहास गोळा केला. अडचण एकच, जळगावात तो ऐकायला कुणी तयार नव्हतं.

अशात पारोळ्याहून नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझ्या मामांचे मित्र, तिथल्या वाचनालयाची व्याख्यानमाला तेच चालवायचे. त्यांचे वक्ते आजारी पडले होते.

"नाना, अमेरिकेच्या एका बँडवर बोललो तर?"

ट्रंक कॉलची खरखर. "अमेरिकेचा बँड? पारोळ्यात? किती जण आहेत?"

"चार."

"जेवणाचं कसं? सगळं चालतं त्यांना?"

नानांना इतक्या बारीकसारीक गोष्टींत रस आहे, हे पाहून मला भरून आलं. "दोघं मांस खात नाहीत. आणि ड्रमवाला वारला."

"अरेरे. कधी?"

"झाली बरीच वर्षं."

"मग तिघंच धरतो," नाना म्हणाले आणि लाइन कटली.

आता 'तिघंच धरतो' म्हणजे काय, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता की नाही? मला पडला नाही.

रविवारी संध्याकाळी मी पारोळ्याला एसटीतून उतरलो. अंगात गुडघ्यावर फाडलेली जीन, हातात टेपरेकॉर्डर. स्टँडवर ही गर्दी. गावातला लग्नाचा बँड लाल कोट घालून रांगेत उभा. मी पायरीवर दिसताच त्यांच्या बुधामास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला.

मी मनात म्हटलं, पारोळ्यात व्याख्यानाची आवड किती आहे पाहा. दोन्ही बाजूंना हात जोडत मी मिरवणुकीतून चाललो. ओट्यावरचे एक आबा शेजाऱ्याला म्हणाले, "हाऊ ते आपलासारखाच दिखस." मी त्यांच्यासारखाच दिसतो, हीही मला स्तुतीच वाटली.

वाचनालयासमोर मांडव होता. फळ्यावर लिहिलेलं, 'आज अमेरिकेचा बँड'. मी समजलो, पेंटरला 'इतिहास' लिहायला जागा पुरली नसेल. स्टेजवर तीन खुर्च्या आणि प्रत्येकीवर शाल-नारळ.

नाना कानाशी आले. "बाकीचे मागच्या गाडीने येताहेत का?"

"कोण बाकीचे?"

"बँडवाले."

"ते अमेरिकेत आहेत, नाना."

नाना जवळच्या खुर्चीवर बसले. नारळावरच बसले, पण त्यांना कळलंही नाही.

"अरे, बठ्ठा गाव येल शे," ते हळू आवाजात म्हणाले. एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणारे नाना अहिराणीवर येऊन 'सगळा गाव आलाय' म्हणाले, तेव्हा मला प्रसंग कळला. मग ते सावरले. "खेड्यांतून ट्रॅक्टर भरून लोक आलेत. बुधामास्तरांना ऑर्केस्ट्रांमुळे हल्ली लग्नं मिळत नाहीत. अमेरिकेच्या पाहुण्यांसमोर वाजवलं तर पुन्हा नाव होईल, म्हणून त्यांनी पोरांना कोट धुवून उभं केलंय. मी काय सांगू त्यांना?"

गळ्यातला हार मला टोचायला लागला. मी माइकसमोर गेलो आणि म्हणालो, "मंडळी, बँड येणार नाही. घोटाळा माझ्यामुळे झाला."

मग मागून आवाज आला, "मंग तू काबर उना?"

मी कशाला आलो, हा प्रश्न रास्तच होता. उत्तर म्हणून मी इतिहास सांगितला. कारखाने बंद पडलेल्या गावातली चार पोरं. वाजवायला शिकवणारं कुणी नाही, जुनी वाद्यं, गाणं दीड मिनिटाचं. कार्यक्रमाला मोजकी माणसं, रेकॉर्ड दुकानात पडून. ड्रमवाला गेला, बँड मोडला. पण ज्या मोजक्यांनी ऐकलं होतं, त्यांतल्या कितीकांनी स्वतःचे बँड काढले. जाकिटाच्या पाठीवर बादलीचं चित्र शिवून फिरणारे भक्त आज गावोगाव आहेत.

बुधामास्तर उठून पुढे आले. "ऑर्डर नव्हती तरी वाजाडेत?"

"हो."

"मंग लाव त्यास्नं गानं."

मी टेप माइकपुढे धरला. दीड मिनिट मांडवात नुसता कल्लोळ. मग मी टेप बंद केला.

"संपनं?"

"संपलं."

बुधामास्तरांनी आपल्या ढोलवाल्याकडे पाहिलं. "आखो लाव."

दुसऱ्यांदा ढोल टेपबरोबर सुरू झाला, तिसऱ्यांदा क्लॅरिनेट. चौथ्यांदा टेपची गरजच उरली नाही. ट्रॅक्टरमधून आलेली माणसं उतरून नाचायला लागली. त्या हंगामात बुधामास्तरांना दोंडाईच्यापर्यंत वराती मिळाल्या. लोक आवर्जून म्हणायचे, ते बादलीवालं वाजवा.

त्या संध्याकाळी आभार मानताना नानांनी गावाची आणि आपली अब्रू राखली. "अमेरिकेच्या पाहुण्यांची गाडी वाटेत बिघडली. तरी आपण कार्यक्रम रंगवला." मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्यावर शाल टाकली, थेट डोक्यावरून.

पुढे काही वर्षांनी धुळ्याच्या स्टँडवर एक गृहस्थ मला निरखत होते. जवळ येऊन म्हणाले, "भाऊ, तुम्ही अमेरिकेच्या बँडच्या टायमाले पारोळ्याले उना व्हतात ना?"

मी सुखावलो. इतक्या वर्षांनी माझं व्याख्यान कुणाच्या तरी लक्षात होतं. "हो, तो मीच."

त्यांनी मागे वळून बायकोला सांगितलं, "हाऊच तो डायवर. ह्यानीच गाडी बिघडनी व्हती." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाले, "मनवर नका ल्या, भाऊ. पुढना खेपले त्यास्ले संगे लईसन जरा लवकर निंघा."