ब्रेकबाईंचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक वर्षानुवर्षं दाबून गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या उजव्या पायाला स्वतःची अशी अक्कल आली होती. समोर ट्रक आला की तो दाबला जायचा हे ठीकच, पण कुणी फार भरभर बोलू लागलं, नवरा उकळता चहा काठोकाठ ओतू लागला, सिनेमातली नायिका पहिल्याच भेटीत लग्नाला हो म्हणाली, तरी तो पाय आपोआप जमिनीवर गच्च दाबला जायचा. शिकायला येणारी मंडळी त्यांना ब्रेकबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणायला लागली, आणि शेवटी नवऱ्यानंही फोनमध्ये बायकोचा नंबर त्याच नावानं ठेवला.

बाईंचं दुखणं एकच होतं आणि त्याबद्दल त्या बोलत नसत. बोलायची गरजही नव्हती, कारण ते त्यांच्याआधी खोलीत शिरायचं. छाती फार जड होती. सीटबेल्टचा पट्टा एक तर मानेला काचायचा, नाहीतर घसरून काखेत जाऊन बसायचा. खांद्यांवर आतल्या कपड्यांच्या पट्ट्यांनी दोन खोबणी पाडल्या होत्या. त्यांत चिमण्या पाणी पितील, असं नणंद म्हणायची. संध्याकाळी गाडीतून उतरताना पाठ अशी धरलेली असायची की बाई आधी दाराला लटकत आणि मग सरळ होत. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीतून एकदा त्यांनी नाव काढून घेतलं होतं, ते परत कधी घातलं नाही.

एका रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की आपण छाती कमी करून घेणार आहोत. इतकी वर्षं गिळलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं आणि बाईंना हसूच आवरेना. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. कुठलीही गोष्ट डोळ्याजवळ धरून, फिरवून बघायची त्याची सवय. त्यानं हे वाक्यही तसंच फिरवून पाहिलं.

"मी कधी काही म्हटलं का?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कशाला म्हणाल? उचलायला मी आहे ना."

त्याच्या नाकात पाणी गेलं. ठसका थांबल्यावर मात्र तो गंभीरपणे म्हणाला की तुला हवं असेल तर कर, फक्त माझ्यासाठी किंवा कुणाच्या नजरेसाठी नको. बाई म्हणाल्या, मला पट्टा नीट लावायचाय.

ठरवणं सोपं गेलं. अडलं ते पुढे. बाई कधी कुणाच्या गाडीत झोपल्या नव्हत्या. नवरा चालवत असला, रस्ता रिकामा असला, तरी त्या ताठ बसून आरशात बघत राहायच्या. आणि आता एका टेबलावर आडवं व्हायचं, भूल घ्यायची आणि आपली गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची. पायाखाली ब्रेक नाही. असा माणूस निवडायचा कसा, या विचारानं त्यांची झोप उडाली.

नणंद केस कापायची. तिच्या खुर्चीत बसलेल्या बायका केसांआधी मन मोकळं करत, त्यामुळे शहरातली निम्मी गुपितं तिच्याकडे वस्तीला होती. आठवड्याभरात ती चार नावं घेऊन आली. त्यांतला एक प्लास्टिक सर्जन नव्हताच, कसलासा छोटा कोर्स करून त्यानं मोठी पाटी लावली होती. त्याला तिनं स्वतःच बाद केलं. बाकीच्या तिघांची पदवी आणि नोंदणी खरी असल्याची तिनं खात्री करून घेतली होती. "आता तू फक्त पसंत करायचं, वहिनी," ती म्हणाली. "मुलं बघायला निघालोय असं समज."

पहिल्या डॉक्टरांकडे वाट बघायच्या खोलीत छोटं कारंजं होतं आणि भिंतीवर डोकी नसलेल्या सुंदर बायकांचे फोटो होते. डॉक्टर देखणे होते. त्यांनी पडद्यावर बाईंची भावी छाती काढून गोल गोल फिरवून दाखवली. बोलता बोलता तिचा आकार ठरला, खोली ठरली, शनिवार मोकळाच आहे हेही ठरलं. बाईंचा पाय दाबला गेला. त्याखाली नणंदेची बोटं होती. ती किंचाळली, तेव्हा तिला आनंद झाला असं समजून डॉक्टरांनी तिच्याही छातीकडे एक व्यावसायिक नजर टाकली. तिथून बाहेर पडल्यावर दोघी जिन्यातच बसल्या आणि पोटं धरून हसल्या.

दुसरे डॉक्टर वयस्कर आणि नावाजलेले होते. त्यांच्याकडे नवराही गेला. डॉक्टरांनी बाईंना तपासलं आणि मग खुर्ची त्याच्याकडे वळवून विचारलं की तुम्हाला साधारण किती कमी हवंय. नवऱ्यानं हातातली पिशवी वर करून दाखवली. "मी ही धरायला आलोय," तो म्हणाला. तोवर टेबलाखाली बाईंचा पाय इतका जोरात आपटला होता की पेनांचा डबा आडवा झाला.

आता तिसरी डॉक्टरीण उरली. दोनदा फसल्यावर बाईंनी आपल्या पद्धतीवर जायचं ठरवलं. माणूस गाडी कशी लावतो त्यावरून तो कसा आहे ते कळतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. नणंद आणि त्या सकाळीच दवाखान्यासमोर गाडीत दबा धरून बसल्या. शेंगदाणे संपले. गाड्या आल्या, लागल्या. बाई एकेकीला गुण देत होत्या. हा दोन जागा अडवतोय, ही मागे न बघता रिव्हर्स घेतेय. डॉक्टरीण कुठेच दिसेना. शेवटी कोपऱ्यावर बस थांबली आणि तिच्यातून एक बाई डबा सावरत, एक चप्पल हातात घेऊन उतरली आणि तशीच लंगडत दवाखान्यात शिरली. थोड्या वेळानं त्या आत गेल्या तेव्हा तीच टेबलामागे बसली होती. चप्पल टेबलावर होती आणि ती तिचा अंगठा चिकटवत होती.

तिनं पहिलाच प्रश्न असा विचारला की आत्ता जमत नाही असं काय करायचंय तुम्हाला. बाईंनी पट्ट्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. तोंडातून मात्र निघालं, "धावायचंय."

डॉक्टरीण हसली नाही. तिनं पेन घेऊन स्वतःच्याच पांढऱ्या कोटावर काढून दाखवलं की व्रण कुठे येतील. फोटो दाखवले, त्यांत छान झालेले होते आणि एक चांगला नसलेलाही होता, व्रण जाड झालेला. "हे माझंच काम आहे," ती म्हणाली. तिनं सांगितलं की दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही, काही जागी स्पर्श कमी कळेल, कदाचित कायमचा. आधी तपासण्या करू, आणि तुम्ही घरी जाऊन नीट विचार करा. बाईंनी खाली पाहिलं. पाय गप्प होता. पण पायाच्या या गप्प बसण्यावर त्यांचाच विश्वास बसेना.

"तुम्ही बसनं का येता?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीण कानापर्यंत लाल झाली. लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. चढावर गाडी बंद पडते म्हणे. नणंदेनं ओढणी तोंडात कोंबली. बाई म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. चौकात उभी राहते मी."

त्या रविवारी नणंद मागच्या सीटवर हट्टानं बसली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर तास होता. डॉक्टरीण गाडी चालवत नव्हती, गाडीशी भांडत होती. वळताना तिनं वायपर लावले. गिअर टाकताना गाडीची माफी मागितली. गाडीनं सशासारख्या उड्या मारल्या. बाई एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "पाय उचला. हळू. पाय उचला." यांच्या हातात सुरी द्यायची, या कल्पनेनं त्या सीटची कड धरून बसल्या होत्या.

मग ती गल्ली आली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उभा ट्रक, मधे जेमतेम गाडीपुरती वाट. इथे शिकाऊ माणसं दोन तऱ्हांची निघतात. एक डोळे मिटून घुसतात, दुसरी घुसता घुसता विचारतात, जाऊ ना. बाईंचा पाय ब्रेकवर तयार होता.

डॉक्टरिणीनं गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मागून हॉर्नवर हॉर्न वाजू लागले, एकानं डोकं बाहेर काढून तिच्या अकलेची चौकशी केली. ती जराही गडबडली नाही.

"हे मला जमणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही न्या. मी बघते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. गाडी वाईट चालवणारी माणसं त्यांनी पोत्यानं पाहिली होती. मागे हॉर्न वाजत असताना जमणार नाही म्हणणारं माणूस पहिलंच. ब्रेक त्यांना दाबावाच लागला नव्हता.

दोघींनी जागा बदलल्या. बाईंनी गाडी अलगद पलीकडे काढली आणि कडेला घेतली.

"आणि अशी गल्ली माझ्यात लागली तर?"

"तुमच्यातल्या वाटा माझ्या रोजच्या आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "तरीही लागलीच, तर थांबेन. माझ्या सरांना हाक मारेन. त्यांनाही नाही जमलं तर तिथेच टाके घालून तुम्हाला उठवेन आणि जसं झालं तसं सांगेन."

नणंद मागच्या सीटवरून पुढे वाकली.

"वहिनी," ती म्हणाली, "हिलाच घे."

तपासण्या झाल्या, नवऱ्यानं सगळे कागद नाकाशी धरून वाचले, आणि ऑपरेशनची सकाळ आली. डॉक्टरिणीनं बाईंना उभं करून अंगावर निळ्या रेघा मारल्या. तिचा हात अगदी स्थिर होता. बाईंनी तिला सांगितलं की रस्त्यावर पट्टे मारणाऱ्यांनी तुमच्याकडे शिकायला यावं. टेबलावर झोपल्यावर मात्र दिवे फार पांढरे वाटले. भूल देणारा काहीतरी प्रेमानं बोलत होता आणि चादरीखाली बाईंचा उजवा पाय टेबलावर गच्च दाबला गेला. घोट्याशी चादर ताणली गेली.

डॉक्टरिणीनं ते पाहिलं.

"आरसे बघितलेत?" बाईंनी विचारलं. जीभ जड व्हायला लागली होती.

"बघितले."

"पट्टा?"

"तो आता नीट बसेल." मास्कच्या वर तिचे डोळे बारीक झाले. "बाई, पाय उचला. हळू."

बाईंना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी पाय उचलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाडीत झोपी गेल्या.